ओ-रिंग बदलली, जुनी नोंद मात्र जागेवरच : फंक्शनल प्रोग्रामिंगमधली 'ट्री' लायब्ररी बनते कशी आणि वाटली जाते कशी?

अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत, तशीच इंजिनिअरिंगची छोटी-मोठी वर्कशॉपही आहेत. त्यातलंच एक वर्कशॉप केमिकल पंप बनवतं असं समजू. हे वर्कशॉप आपण फक्त उदाहरणासाठी उभं केलंय, पण त्याची अडचण अगदी खरी आहे.

मार्चमध्ये या वर्कशॉपमधून एक पंप डिस्पॅच झाला. त्याच्या मेकॅनिकल सीलमध्ये नायट्राइल रबराची ओ-रिंग होती. ऑगस्टमध्ये डिझाइन बदललं आणि नायट्राइलच्या जागी व्हायटॉनची ओ-रिंग आली. कॉम्प्युटरवर पंपाच्या सुट्या भागांची यादी होती, म्हणजे शॉप फ्लोअरवर ज्याला बीओएम म्हणतात ती. कुणीतरी त्यात 'नायट्राइल' खोडून 'व्हायटॉन' टाइप केलं आणि सेव्ह केलं. काम झालं.

डिसेंबरमध्ये मार्चवाल्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, "या पंपातून आता टोल्यूईन फिरवायचंय, चालेल ना?" टोल्यूईनमध्ये नायट्राइल रबर फुगतं, व्हायटॉन टिकतं. टोल्यूईन पटकन पेट घेणारं आहे, म्हणजे सील गळलं तर प्रकरण फरशी पुसण्यावर थांबत नाही. ऑपरेटर कॉम्प्युटर उघडतो, स्क्रीनवर 'व्हायटॉन' दिसतं आणि तो सांगतो, "चालेल, बिनधास्त."

स्क्रीनवरचं उत्तर आजच्या पंपासाठी बरोबर आहे, मार्चच्या पंपासाठी चूक.

आता तुम्ही म्हणाल, ईआरपीमध्ये रिव्हिजन नंबर टाकायची सोय असते की! असते. पण ती वापरायची की नाही, हे त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या माणसावर असतं. फंक्शनल प्रोग्रामिंगवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते, जुनं पुसताच येऊ नये अशीच मांडणी मुळात का करू नये? त्यांनी त्यासाठी जी हत्यारं घडवली त्यातलं महत्त्वाचं एक म्हणजे 'ट्री', म्हणजेच झाड, आणि ते झाड इतरांना वापरता यावं म्हणून बांधलेली लायब्ररी.

आधी झाड म्हणजे काय ते बघू

कॉम्प्युटरमधलं झाड उलटं असतं. मूळ वर, फांद्या खाली. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. ते जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून मोठ्या जलवाहिन्यांनी वेगवेगळ्या औद्योगिक वसाहतींकडे आणि शहरांकडे जातं, मग छोट्या वाहिन्या आणि शेवटी नळ. जांभूळला शटडाऊन घेतला की खालच्या सगळ्यांचा नळ कोरडा पडतो. ढोबळमानाने हे झाडच आहे. प्रत्येक ठिकाणाला म्हणायचं 'नोड', सगळ्यात वरचा नोड 'रूट' आणि ज्याच्या खाली काहीच नाही ते 'पान'.

आपल्या पंपाचंही तसंच. रूटला पंप. त्याखाली केसिंग, मोटर, बेसप्लेट आणि शाफ्ट असेंब्ली. शाफ्ट असेंब्लीखाली इम्पेलर, बेअरिंग, मेकॅनिकल सील. सीलखाली ओ-रिंग. फंक्शनल भाषेत या झाडाची व्याख्या एका ओळीत मावते. मराठीत लिहायची तर अशी:

झाड = नोड (माहिती, झाडांची यादी)

एवढंच. झाड म्हणजे थोडी माहिती आणि खाली आणखी झाडं. यादी रिकामी असेल तर ते पान. व्याख्येच्या आतच व्याख्या आली म्हणून गोंधळू नका. 'वंशज म्हणजे मुलं आणि मुलांचे वंशज' हे आपल्याला पटकन कळतं, तसंच हे.

एका नोडला कितीही फांद्या चालतात अशा झाडाला प्रोग्रामर 'रोझ ट्री' म्हणतात. नाव रोमँटिक आहे, पण ते 'रोडोडेंड्रॉन' या ग्रीक नावाचं शब्दशः भाषांतर होतं. रोडॉन म्हणजे गुलाब, डेंड्रॉन म्हणजे झाड. उत्तराखंडात ज्याला बुरांश म्हणतात, तेच.

न पुसता बदलायचं कसं?

फंक्शनल प्रोग्रामिंगचा मूळ नियम असा की एकदा तयार झालेली माहिती बदलत नाही. हवी तर नवी तयार करा. ऐकल्या ऐकल्या वाटतं, हे तर भलतंच खर्चिक! एक ओ-रिंग बदलायला अख्ख्या पंपाची यादी पुन्हा लिहायची?

नाही. इथेच झाडाची खरी करामत आहे.

समजा पंपाच्या झाडात एकूण १२० नोड आहेत. ओ-रिंग बदलायची तर नवी ओ-रिंग तयार करा. तिच्याकडे बोट दाखवणारा नवा सील नोड तयार करा. त्या सीलकडे बोट दाखवणारी नवी शाफ्ट असेंब्ली आणि सगळ्यात वर नवा पंप. झाले चार नोड. बाकी ११६ नोड, म्हणजे केसिंग, मोटर, बेसप्लेट वगैरे, यांना हातही लावायचा नाही. नवा पंप त्याच जुन्या केसिंगकडे बोट दाखवतो. मार्चचा पंपही तिथेच दाखवतो. ते केसिंग कधीच बदलणार नाही याची भाषाच हमी देते, त्यामुळे दोघांनी ते वाटून घेतलं तरी भांडण नाही.

आता कॉम्प्युटरमध्ये दोन रूट आहेत, मार्चचा आणि ऑगस्टचा. दोन्ही पूर्ण, दोन्ही खरे. डिसेंबरच्या फोनला उत्तर द्यायचं तर मार्चचा रूट धरायचा आणि खाली उतरायचं. आपल्याकडच्या घराण्यांचे कुलवृत्तांत आठवा. नवी आवृत्ती निघाली म्हणून कपाटातल्या जुन्या आवृत्तीतली पानं कुणी फाडत नाही. फरक इतकाच की छापील पुस्तक पुन्हा अख्खं छापावं लागतं आणि इथे फक्त बदललेल्या वाटेवरची पानं.

झाड मोठं असेल तर हा हिशेब आणखी भारी वाटतो. प्रत्येक नोडला दोनच फांद्या असतील आणि झाड समतोल असेल, तर १० लाख नोडचं झाड साधारण २० पातळ्यांचं होतं. म्हणजे एक बदल करायला २० नोडची नक्कल पुरते. प्रत्येक नोडला ३२ फांद्या दिल्या तर चार पातळ्यांतच १० लाख नोंदी बसतात. पण मग प्रत्येक नक्कल ३२ खणांची होते. कमी पातळ्या हव्यात की हलके नोड, हे लायब्ररी लिहिणाऱ्याने ठरवायचं. रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेल्या क्लोजर भाषेत ३२ फांद्यांचा मार्ग घेतला आहे. त्यामागे फिल बॅगवेल यांच्या झाडांची कल्पना आहे. पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपलं सॉफ्टवेअर याच क्लोजरमध्ये बांधलं, त्यामुळे ही झाडं आपल्याकडे पुस्तकातच राहिली असं नाही.

या विषयाचा पाया समजलं जाणारं काम ख्रिस ओकासाकी यांचं. १९९६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला, १९९८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. अमुक माहिती न बदलता तमुक रचना वेगवान ठेवता येते का, या प्रश्नांची उत्तरं आजही लोक तिथेच शोधायला जातात.

दहा ओळींचं काम, मग लायब्ररी कशाला?

व्याख्या एका ओळीची, मूलभूत फंक्शन दहा-बारा ओळींची. मग कुणीही घरी लिहील की! लिहितातही. अडचण येते ती कोड लिहिताना नाही, निर्णय घेताना.

पहिला निर्णय अगदी बाळबोध वाटतो : रिकामं झाड चालेल का? आपल्या पंपाच्या बाबतीत 'रिकामा पंप' याला अर्थ नाही. हॅस्केल भाषेच्या डेटा.ट्री या लायब्ररीतही रिकामं झाड बनवताच येत नाही, रूट हवाच. पण मग 'सगळी पानं काढून टाक, रूटसकट' असं फंक्शन लिहायचं झालं तर ते परत काय देणार? एका ओळीच्या व्याख्येतला हा निर्णय पुढच्या पन्नास फंक्शनांना पुरतो.

दुसरा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. प्रत्येक नोडमध्ये 'माझा पालक कोण' हे लिहून ठेवलं तर वर जाणं सोपं होईल ना? साध्या प्रोग्रामिंगमध्ये सर्रास तसं करतात. इथे ते केलं की सगळं मुसळ केरात. कारण नवा पंप तयार झाला की केसिंगचा पालक बदलला. म्हणजे नवं केसिंग हवं. केसिंगचा पालक बदलला म्हणून त्याच्या खालचे सगळे नवे हवेत. बघता बघता १२० पैकी १२० नोडची नक्कल. वाटून घ्यायची सगळी बचत त्या एका सोयीने घालवली.

यावर फ्रेंच संशोधक जेरार ह्युए यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला तोडगा मला सगळ्यात आवडतो. त्याचं नाव झिपर. झाडात खाली उतरताना मागे काय सोडलं याची चिठ्ठी खिशात ठेवत जायचं : "पंपातून शाफ्ट असेंब्लीत आलो, डावीकडे केसिंग राहिलं, उजवीकडे मोटर." खाली जाऊन बदल केला की चिठ्ठ्या उलट्या क्रमाने वाचत वर यायचं आणि वाटेत झाड पुन्हा बांधत जायचं. बॅगेची चेन उघडत जाणं आणि बंद करत येणं, तसंच. पालक नोडमध्ये लिहिलेला नसतो, तो तुमच्या प्रवासात असतो.

तिसरी गोष्ट फंक्शन किती द्यायची याची. 'वजन मोज', 'किंमत मोज', 'बोल्ट मोज' अशी वेगवेगळी फंक्शनं द्यायला लागलात तर यादी संपणार नाही. त्यापेक्षा एकच द्यायचं : पानांपासून वर येत प्रत्येक पातळीवर हिशेब जोडत जाणारं. त्याला 'फोल्ड' म्हणतात. काय जोडायचं ते वापरणारा सांगेल. एका फ्लँजला ८ बोल्ट, पंपाला २ फ्लँज, ऑर्डर ५ पंपांची, म्हणजे स्टोअरमधून ८० बोल्ट काढायचे. हा गुणाकार फोल्डच करतो आणि उद्या तोच फोल्ड वजनही काढून देतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे झाडाची उपमाच तुटते. तोच एम-८ बोल्ट पंपात पाच ठिकाणी लागतो. 'एम-८ बोल्ट बदल' असं सांगितलं तर कुठला? पाचही की मोटरखालचा? इथे चांगली लायब्ररी नाव घेत नाही, वाट विचारते : पंप, बेसप्लेट, तिसरा बोल्ट. पत्त्यासारखं. ज्या लायब्ररीत नुसत्या नावाने शोधून बदलायची सोय असते ती डेमोमध्ये झकास दिसते. शॉप फ्लोअरवर मी तिच्यापासून चार हात लांब राहीन.

लायब्ररी बनली. आता वाटायची कशी?

कोड इंटरनेटवर टाकला म्हणजे लायब्ररी वाटली, असं बऱ्याच जणांना वाटतं. पहिली अडचण कायद्याची. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे लायसन्स न लिहिता टाकलेला कोड सगळ्यांना दिसतो, पण तो वापरायचा हक्क आपोआप मिळत नाही. एमआयटी किंवा बीएसडीसारखं मोकळं लायसन्स सोबत जोडायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे एखाद्या कंपनीचा कायदा विभाग चांगली लायब्ररी नाकारू शकतो.

मग येतो व्हर्जन नंबर. ३.१.२ असे तीन आकडे तुम्ही पाहिले असतील. रूढ संकेत असा : शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय आली पण जुनं चालू आहे, पहिला वाढला तर सावधान, तुमचा जुना कोड मोडू शकतो. हा संकेत पाळणं बहुतेक ठिकाणी लेखकाच्या सद्सद्विवेकावर असतं.

एल्म नावाच्या फंक्शनल भाषेने तिथे माणसावर विश्वास ठेवायचंच नाकारलं. एव्हन झॅपलिकी यांनी २०१२ मध्ये आणलेल्या या भाषेत तुम्ही लायब्ररीची नवी आवृत्ती प्रसिद्ध करायला गेलात की यंत्रणा जुन्या आणि नव्या आवृत्तीतली सगळी फंक्शनं शेजारी ठेवून तपासते. एखादं काढलं असेल किंवा त्याचा प्रकार बदलला असेल तर पहिला आकडा वाढवावाच लागतो. 'छोटासाच बदल आहे हो' ही सबब चालत नाही.

तरी या तपासणीलाही मर्यादा आहे. 'पानांची यादी दे' हे फंक्शन कालपर्यंत डावीकडून उजवीकडे यादी देत होतं आणि आजपासून उजवीकडून डावीकडे देऊ लागलं, तर यंत्राच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. काल यादी होती, आजही यादीच आहे. स्टोअरमध्ये मात्र माल काढायचा क्रम उलटा झालेला असतो. हे फक्त डॉक्युमेंटेशन आणि टेस्ट पकडू शकतात.

आता गंमत बघा. प्रसिद्ध केलेली आवृत्ती ही डिस्पॅच झालेल्या पंपासारखीच असते. ती कुणाकुणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसली आहे हे लेखकाला माहीतही नसतं. ती गुपचूप बदलली किंवा काढून घेतली तर काय होतं, हे जगाने २२ मार्च २०१६ रोजी पाहिलं. अझर कोचुलू या प्रोग्रामरचा 'किक' या पॅकेजच्या नावावरून वाद झाला. त्याच नावाच्या मेसेंजर कंपनीला ते हवं होतं आणि जावास्क्रिप्टचं पॅकेज भांडार असलेल्या एनपीएमने कंपनीची बाजू घेतली. चिडून कोचुलू यांनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून टाकली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं एक होतं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. पण बेबेलसारखी मोठी साधनं आडून-आडून त्यावर उभी होती. जगभरात लोकांची बिल्ड्स कोसळायला लागली. सुमारे दोन तासांनी एनपीएमने ते पॅकेज परत जागेवर ठेवलं आणि पुढे पॅकेज काढण्याचे नियम कडक केले.

हॅस्केलच्या हॅकेज या भांडारात आधीपासून वेगळी पद्धत आहे. एकदा चढवलेली आवृत्ती काढता येत नाही, त्याच नंबरावर दुसरा कोडही ठेवता येत नाही. 'ही वापरू नका' असा शिक्का मारता येतो, एवढंच. झाडाला लावलेला 'जुनं पुसायचं नाही' हा नियमच त्यांनी भांडारालाही लावला.

आणि तरीही चूक निघाली तर?

निघते. तीही सगळ्यात विश्वासू ठिकाणी.

हॅस्केलमध्ये डेटा.मॅप नावाची लायब्ररी आहे. नावावरून नंबर शोधायचा, कोडवरून पार्ट शोधायचा, अशा कामांना हॅस्केलवाले पहिल्यांदा हिलाच हात घालतात. आत दोन फांद्यांचं समतोल झाड असतं. समतोल म्हणजे एका बाजूला दुसरीपेक्षा ठरावीक पटीहून जास्त नोड साठले तर झाड फिरवून सारखं करायचं. किती पटीला फिरवायचं आणि कसं फिरवायचं, हे दोन आकड्यांवर ठरतं. या झाडांची मूळ कल्पना १९७२ सालची, नीव्हरगेल्ट आणि रेनगोल्ड यांची. स्टीफन अ‍ॅडम्स यांनी १९९३ च्या लेखात तिचं फंक्शनल रूप मांडलं आणि तिथून ती अनेक भाषांच्या लायब्रऱ्यांत गेली.

२०१० मध्ये लक्षात आलं की डेटा.मॅपमधून काही विशिष्ट क्रमाने नोंदी काढत गेलं की समतोल बिघडतो. उत्तरं बरोबरच येत होती, शोधलेली गोष्ट सापडत होती. पण 'झाड कधीही एका बाजूला कलणार नाही, शोध कायम झटपट होईल' हे वचन मोडत होतं. म्हणून तर ते इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. चुकीचं उत्तर लगेच दिसतं, थोडं मंद उत्तर दिसत नाही.

जपानचे योइची हिराई आणि काझुहिको यामामोतो यांनी मग हा प्रश्न मुळापासून तपासला. गणिती सिद्धता तपासणारं 'कॉक' हे सॉफ्टवेअर वापरून त्यांनी २०११ मध्ये दाखवलं की मूळ पद्धतीच्या झाडासाठी पूर्णांकांची एकच जोडी चालते : ३ आणि २. आज डेटा.मॅपच्या कोडमध्ये तेच दोन आकडे आहेत.

ही दुरुस्ती करताना लायब्ररी वापरणाऱ्यांना आपल्या कोडची एकही ओळ बदलावी लागली नाही. कारण डेटा.मॅपने झाडाचं पोट आधीपासून झाकून ठेवलं होतं. बाहेरच्यांना फक्त 'घाल, शोध, काढ' अशी फंक्शनं दिसतात, नोड दिसत नाही. डेटा.ट्रीमध्ये उलट आहे. तिथे नोड उघडा आहे, कारण तिथे झाडाचा आकार हीच वापरणाऱ्याची माहिती असते. आपल्या पंपाला उघडं झाड हवं, स्टोअरमधल्या पार्ट नंबरच्या यादीला झाकलेलं. कुठलं झाकायचं हे पहिल्या आवृत्तीतच ठरवावं लागतं, कारण एकदा उघडलेलं पोट पुन्हा झाकायचं तर वापरणाऱ्यांचा कोड मोडतो.

अर्थात ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी आवृत्ती पक्की करून ठेवली होती त्यांचं झाड दुरुस्तीनंतरही कलतच राहिलं. मार्चचा पंप जसा अजून गिऱ्हाइकाकडे नायट्राइलच्या ओ-रिंगसह फिरतोय. भांडारात नवी आवृत्ती आली म्हणून तो आपोआप बदलत नाही. रूट शोधून, यादी काढून, कुणालातरी एकेकाला फोन लावावाच लागतो.